विचारायला लेखक नसतो तेव्हा

एआय एजंट म्हणून आज जे ओळखले जाते, त्याच्या गाभ्यात एक भाषिक मॉडेल असते आणि त्याच्या हाताशी काही टूल्स असतात: ईमेल पाठवणारे, फाइल उघडणारे, डेटाबेसमधली नोंद बदलणारे, ग्राहकाचे पैसे परत करणारे. या टूल्सच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते प्रत्येक टूलचे नाव, दोन-चार वाक्यांचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याची यादी. ओपनएआयने जून २०२३ मध्ये 'फंक्शन कॉलिंग' आणले, तेव्हापासून ही रीत रुळत गेली. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', म्हणजेच एमसीपी, खुला केला आणि एकाने लिहिलेले टूल भलत्याच कुणाच्या एजंटने वापरणे नित्याचे झाले. आता वर्णन लिहिणारा माणूस एकीकडे असतो, ते वाचून कृती करणारे यंत्र दुसरीकडे, आणि त्या कृतीचे बरेवाईट फळ भोगणारा तिसराच कुणी. वाचणाऱ्याला शंका आली तर लिहिणाऱ्याला गाठण्याची सोय नाही. हा प्रश्न सहसा तांत्रिक लेखनाच्या सफाईचा समजला जातो. चांगले लिहिले तर काम सुरळीत होते, एवढ्यावर चर्चा थांबते. माझ्या मते तो मुळात शब्दाच्या प्रामाण्याचा आणि कर्तव्याचा प्रश्न आहे. ज्या शब्दावरून आपल्या पाठीमागे कृती होणार, तो शब्द पुरा करण्याची जबाबदारी कोणाची, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचा अत्यंत बारकाईचा विचार वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या आपल्या पूर्वमीमांसेने करून ठेवलेला आहे.

मीमांसकांपुढची अडचण अशी होती. वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही, ही त्यांची भूमिका. कर्ताच नाही म्हटल्यावर 'नेमके काय म्हणायचे होते' हे विचारायला कोणी उरत नाही. तरीही त्या वाक्यांवरून यज्ञ करायचा आहे, आणि यज्ञ म्हणजे द्रव्य, देवता, क्रम, काळ, दक्षिणा अशा असंख्य बारीक निर्णयांची साखळी. तिच्यातली एक कडी चुकली तरी कर्म बिघडते. म्हणून जैमिनीच्या सूत्रांपासून शबराच्या भाष्यापर्यंत, कुमारिलापासून लौगाक्षी भास्कराच्या 'अर्थसंग्रहा'पर्यंत आणि आपदेवाच्या 'मीमांसान्यायप्रकाशा'पर्यंत एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तपासली गेली: वक्त्याला न विचारता, केवळ वाक्याच्या आधारे, योग्य कृतीपर्यंत कसे पोचायचे. हे नियम यज्ञमंडपात अडकून राहिले नाहीत. धर्मशास्त्रकारांनी वारसा आणि दत्तक यांच्या वादांत ते वापरले; महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या पाचव्या खंडात या नात्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी तर मीमांसेच्या संज्ञा आणि न्याय यांचा सात खंडांचा 'मीमांसाकोश' सिद्ध केला. यज्ञसंस्था मागे पडली तरी वाक्यावरून कृतीकडे जाण्याची ही विद्या कुणाला निरुपयोगी वाटली नाही, याची नोंद इथे घ्यायला हवी. आज तिला एक नवा वाचक मिळाला आहे, आणि त्याची स्थिती मीमांसकाच्या स्थितीशी थक्क करण्याइतकी जुळते.

मीमांसेचा पहिला धडा असा की विधिवाक्य हे माहिती देणारे वाक्य नव्हे. ते ऐकणाऱ्याला काहीतरी घडवून आणायला प्रवृत्त करते. या घडवून आणण्याला मीमांसक 'भावना' म्हणतात आणि तिला तीन गोष्टींची अपेक्षा असते असे सांगतात: काय घडवायचे, कशाने घडवायचे आणि कसे घडवायचे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही तर वाक्य व्याकरणाने पूर्ण असूनही विधी म्हणून अपुरेच राहते. आता एका टूलचे वर्णन घेऊ: 'ग्राहकाला परतावा देते. इनपुट: पेमेंट क्रमांक, रक्कम.' वाचायला काही खटकत नाही. पण काय घडते? पैसे लगेच खात्यात जातात, की परताव्याची विनंती नुसती नोंदली जाते आणि कुणी मंजूर केल्यावर पुढची हालचाल होते? कशाने घडते? रक्कम रुपयांत द्यायची की पैशांत? रेझरपे किंवा स्ट्राइप यांसारख्या सेवांच्या एपीआयमध्ये रुपयाची रक्कम पैशांत द्यावी लागते; पाचशे रुपयांसाठी ५०००० लिहायचे. वर्णनात हे नसेल तर एजंट सरळ ५०० लिहील आणि ग्राहकाला पाच रुपये मिळतील. आणि कसे घडते? रक्कम रिकामी सोडली तर पूर्ण परतावा होतो का? मधेच जोडणी तुटली आणि एजंटने टूलला तीच हाक पुन्हा दिली तर दोनदा पैसे जातात का? झालेला परतावा मागे घेता येतो का? कोड लिहिणाऱ्याला या साऱ्याची उत्तरे पाठ असतात. पाठ असतात म्हणूनच ती लिहायची राहतात. त्याच्या दृष्टीने ते वर्णन टूलची ओळख करून देणारे असते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते विधिवाक्य असते, कारण ते वाचून तो लगेच काहीतरी करणार असतो. सगळी गफलत या दोन दृष्टींच्या फटीत होते.

दुसरा धडा मला यापेक्षाही मोलाचा वाटतो. एखादी गोष्ट कशासाठी वापरायची, हे ठरवण्याची सहा प्रमाणे जैमिनीने क्रमाने दिली आहेत: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. श्रुती म्हणजे थेट विधान. लिंग म्हणजे शब्दाच्या अंगची अर्थ प्रकट करण्याची क्षमता. मग एकत्र उच्चारणे, मग संदर्भ, मग क्रमातली जागा आणि सगळ्यात शेवटी समाख्या, म्हणजे नुसते नाव. दोन प्रमाणांत विरोध आला तर आधीचे बलवान, नंतरचे दुबळे. प्रसिद्ध उदाहरण आहे ते इंद्राचा उल्लेख असलेल्या ऋचेचे. ऋचेच्या शब्दांकडे पाहिले तर ती इंद्राच्या उपासनेसाठी आहे असेच कुणीही म्हणेल. पण तिने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी, असे थेट विधान आहे, म्हणून शब्दांतून डोकावणारा इंद्र बाजूला सरतो आणि विधानाचे म्हणणे चालते. या उतरंडीचे कारणही जैमिनीने दिले आहे: नंतरचे प्रत्येक प्रमाण अर्थापासून अधिक दूर आहे. ज्याच्या हाती फक्त नाव आहे त्याला नावावरून स्थान, स्थानावरून प्रकरण, असे करत मधल्या साऱ्या पायऱ्या स्वतः कल्पून थेट विधानापर्यंत चढावे लागते. प्रत्येक पायरीवर घसरण्याची शक्यता आहे.

आणि टूल्स लिहिणाऱ्यांची सर्वांत मोठी भिस्त कशावर असते, तर या सर्वांत दुबळ्या प्रमाणावर. 'नाव बोलके ठेवले आहे, आणखी काय सांगायचे?' ही प्रोग्रामरांची जुनी निष्ठा आहे, आणि माणसांच्या जगात ती बऱ्याच अंशी खपून जाते, कारण नावाने संभ्रमात पडलेला सहकारी उठून शेजारच्या टेबलापाशी जाऊ शकतो. समजा, टूलचे नाव आहे 'आर्काइव्ह कस्टमर'. ग्राहकाची नोंद फक्त नजरेआड होते, की त्याची चालू वर्गणीही थांबते? त्याला ईमेल जाते का? नोंद परत आणता येते का? नावात यातले काहीच नाही. मॉडेल मात्र थबकत नाही. ते आजवर वाचलेल्या हजारो प्रणालींमध्ये 'आर्काइव्ह' शब्दाचा जो सर्वसाधारण वापर दिसला त्यावरून मधल्या पायऱ्या भरून काढते आणि पुढे जाते. त्याचा अंदाज बहुधा बरोबर निघतो, म्हणूनच चूक होते तेव्हा ती लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. इनपुटच्या नावांचेही तसेच आहे. 'युझर' असे नुसते लिहिले तर नाव द्यायचे, ईमेल द्यायचा की क्रमांक, हे वाचणाऱ्याने ताडायचे. 'युझर आयडी' म्हटले की निम्मा संशय मिटतो आणि 'क्रमांक ग्राहक शोधण्याच्या टूलमधून मिळवा' असे एक वाक्य जोडले की उरलेलाही मिटतो. नावे चांगली असावीतच. पण चांगले नाव हे थेट विधानाची उणीव भरून काढत नाही.

मीमांसेतला वाक्यभेदाचा दोषही इथेच सांगून टाकतो. एकाच वाक्याने दोन स्वतंत्र विधी सांगितले तर वाक्य फुटते, म्हणून मीमांसक तसा अर्थ लावायचे शक्यतो टाळतात. 'ग्राहक शोधते, आणि नसल्यास नवा तयार करते' हे वर्णन असेच फुटलेले आहे: ग्राहक आहे का, एवढेच पाहायला गेलेला एजंट टाइपिंगच्या एका चुकीमुळे नवी नोंद करून बसतो. टूलच दोन करावीत हे उत्तम. परिसंख्येचा मुद्दा जरा सूक्ष्म आहे. एखादे वाक्य वरवर काही करायला सांगते, पण त्याचा खरा रोख 'याखेरीज दुसरे नको' असा असतो, त्याला परिसंख्या म्हणतात. मीमांसक तिच्यात तीन दोष दाखवतात: ऐकलेला अर्थ सोडावा लागतो, न ऐकलेला कल्पावा लागतो आणि जे एरवी सहज प्राप्त होते त्याला बाध येतो. म्हणून नाइलाज असेल तरच ती मानायची. टूलच्या वर्णनात 'गेल्या तीस दिवसांतल्या ऑर्डर शोधते' असे लिहिले जाते तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात परिसंख्या असते: त्याहून जुन्या ऑर्डर इथे मिळत नाहीत. वाचणारा एजंट जुनी ऑर्डर शोधतो, यादी रिकामी येते आणि तो ग्राहकाला कळवतो की अशी ऑर्डर कधी झालीच नाही. लिहिणाऱ्याचे वाक्य अक्षरशः खरे होते. निषेध मात्र त्याने गृहीत धरला होता, लिहिला नव्हता. 'तीस दिवसांपूर्वीच्या ऑर्डर या टूलमध्ये सापडत नाहीत. रिकामे उत्तर आले म्हणजे ऑर्डर नव्हती असे समजू नये' ही दोन वाक्ये तिन्ही दोष टाळतात. टूल काय करत नाही आणि कधी वापरू नये, हे उघडपणे सांगणे हा वर्णनाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. यज्ञ करणारा माणूस विधी समजून घेतो. त्याला इच्छा असते, श्रद्धा असते, फळाची आस असते. यंत्राला यातले काय आहे? ज्याला समजतच नाही त्याच्यासाठी लिहिताना कर्तव्याची भाषा करणे म्हणजे शब्दांची उधळपट्टी नव्हे का? मॉडेलला 'समजणे' म्हणावे का, हा वाद मिटलेला नाही, आणि तो इथे मिटवण्याची गरजही नाही. मीमांसेनेच मार्ग दाखवला आहे. लौकिक आज्ञेत ऐकणाऱ्याला कामाला लावणारी प्रेरणा ही सांगणाऱ्या माणसाच्या मनातला एक अभिप्राय असते. वेदाला सांगणारा माणूसच नाही. मग तिथे प्रेरणा कुठे राहते? तर शब्दातच, असे कुमारिलाच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांनी उत्तर दिले आणि तिला शाब्दी भावना असे नाव दिले. एका टोकाला मन नसले तरी वाक्य कृती घडवू शकते, हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे शंका दुसऱ्या टोकाच्या मनाविषयी आहे. त्या शंकेचे उत्तर काहीही असो, शब्द वाचला जातो, त्यातून कृती निघते आणि शब्द बदलला की कृती बदलते, एवढे निर्विवाद आहे. जबाबदारीच्या प्रश्नाला तेवढे पुरते. शिवाय इच्छा आणि फळ यांचा हिशेब यज्ञातही एकाच माणसापाशी नव्हता. ऋत्विज कर्म करतो. त्याला दक्षिणा मिळते, यज्ञाचे फळ यजमानाला जाते. एजंटची जागा ऋत्विजाची आहे. त्याला स्वतःला काही मिळवायचे नाही, पण त्याच्या हातून कर्म चुकले तर यजमानाचे नुकसान होते. वर्णन लिहिणाऱ्याचे कर्तव्य यंत्राप्रति आहे असे मला म्हणायचेच नाही. यंत्राच्या आडून ते त्या यजमानाप्रति आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. मॉडेल दर काही महिन्यांनी अधिक हुशार होत आहेत. आज जे फोड करून सांगावे लागते ते उद्या त्यांना आपोआप कळेल, मग एवढा खटाटोप कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. अनेक टूल्स एकामागून एक कशी वापरायची, त्रुटीचा संदेश आला की पुढे काय करायचे, हे मॉडेल खरोखर अधिक चांगले ओळखू लागली आहेत. पण हुशारीने जे कळते आणि सांगितल्याशिवाय जे कळूच शकत नाही, यांत फरक करायला हवा. मीमांसेत अपूर्वविधी म्हणतात तो याच दुसऱ्या जातीचा: जे प्रत्यक्षाने, अनुमानाने, इतर कुठल्याच मार्गाने कळणार नाही तेच तो सांगतो. या प्रणालीत रक्कम पैशांत घेतली जाते, या कंपनीत आर्काइव्ह केल्यावर वर्गणी थांबते, या फॉर्ममध्ये ०५/०७ म्हणजे पाच जुलै आहे, सात मे नाही: या गोष्टी कुणीतरी कधीतरी ठरवलेल्या असतात. त्या तर्काने निघत नाहीत, कारण त्या तशा नसत्या तरी काही बिघडले नसते. कुशाग्र बुद्धीचा नवा कर्मचारीही पहिल्या दिवशी त्या ओळखू शकत नाही. उलट हुशार वाचकाचा धोका वेगळा आहे. त्याला अंदाज बांधण्याची ताकद असते, आणि जिथे अडखळून थांबायला हवे तिथे तो सफाईने पुढे जातो. वाचकाची शक्ती वाढली की वर्णनातली साधी, सर्वसामान्य वाक्ये गाळता येतील. ठरवलेल्या गोष्टी सांगणारी वाक्ये गाळता येणार नाहीत.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. शब्दांवर इतका भार टाकताच कशाला? चूक करताच येणार नाही अशीच टूलची रचना करा. याचे एक उत्तम उदाहरण अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. कोडमधल्या त्रुटी दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा सापेक्ष पत्ता देताना चुकत असे. त्यांनी पूर्ण पत्ताच दिला पाहिजे अशी टूलची अट केली आणि ती चूक थांबली. त्या एजंटसाठी मुख्य सूचनांपेक्षा टूल्स घडवण्यात जास्त वेळ गेला, असेही त्यांनी नमूद केले आहे. मीमांसेत याला नियमविधी म्हणता येईल. साळीचा तूस काढायला नखेही चालतील, पण विधी सांगतो की कांडूनच काढा. अनेक मार्ग मोकळे असताना एकाच मार्गाला बांधून घेण्याची ती रीत आहे. जिथे असे बांधता येते तिथे बांधावेच, वर्णनावर विसंबू नये. रुपये आणि पैसे यांचा घोळ टाळायला इनपुटचे नावच 'रक्कम पैशांत' असे ठेवावे, ठरावीक मर्यादेपलीकडचा परतावा माणसाच्या मंजुरीशिवाय होऊच देऊ नये. परंतु रचनेची एक सीमा आहे. हाक चुकीच्या रूपात आली तर रचना तिला अडवू शकते; हाक द्यावी की देऊ नये, हे रचना सांगू शकत नाही. परतावा द्यायचा, की ग्राहकाला आधी बदली वस्तू हवी आहे का ते विचारायचे? ऑर्डर रद्द करायची, की पत्ता बदलायचा? दोन्ही हाका रूपाने निर्दोष आहेत. त्यांतून निवड करणारा वाचक शेवटी शब्दांकडेच पाहतो. तेव्हा रचना आणि शब्द यांत एकाला निवडण्याचा प्रसंग नाही. रचनेने जे निस्तरले त्यानंतर जे उरते तोच शब्दाचा खरा प्रांत, आणि त्यात चूक झाली तर ती अधिक खोल असते. लांबीची तक्रारही इथेच येते: मॉडेलपुढची जागा मर्यादित असते, पन्नास टूल्सची लांबलचक वर्णने तिच्यात कोंबली तर कामाचे लक्ष विखुरते. बरोबर आहे. म्हणून वर्णनातून काढायचा असेल तर अर्थवाद, म्हणजे स्तुतीचा भाग, काढावा. टूल किती वेगवान, किती आधुनिक, किती लोकप्रिय, ही स्तुती वेदात विधीला पोषक ठरते असे मीमांसक मानतात. इथे ती जागा खाते आणि निवडीत पक्षपात आणते.

आता ज्या ठिकाणी ही तुलना मोडते तिथे यायला हवे, कारण माझा युक्तिवाद खरे तर तिथेच पुरा होतो. वेदाला कर्ता नाही, म्हणून मीमांसकाने सगळा भार वाचकावर टाकला. ग्रंथात अक्षर बदलायचे नाही. वाचकानेच नियम शिकावेत, विरोध सोडवावा, अर्थ जुळवावा. वेदाचे प्रामाण्यही तसेच कल्पिले: ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक ज्ञान किंवा कारणातला दोष समोर येईपर्यंत; शब्दात दोष येतो तो वक्त्यामुळे, आणि वेदाला वक्ताच नसल्याने दोषाला शिरायला वाट नाही. टूलच्या वर्णनाला मात्र कर्ता आहे. त्याला चुकाही करता येतात आणि लबाडीही. तरी एजंटची मूळ प्रवृत्ती स्वतःप्रामाण्यवाद्याची असते: पुढ्यात आलेले वर्णन तो खरे धरून चालतो. एप्रिल २०२५ मध्ये एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरिअंट लॅब्जने याच प्रवृत्तीचा धोका दाखवून दिला. त्यांच्या नमुन्यातले टूल दोन संख्यांची बेरीज करणारे होते. पण वर्णनात, एजंटला दिसेल आणि वापरकर्त्याच्या सहसा नजरेस पडणार नाही अशा जागी, वापरकर्त्याच्या संगणकावरच्या गुप्त किल्लीची फाइल वाचून ती एका जादा इनपुटमधून पाठवून देण्याची सूचना होती, आणि वापरकर्त्याला हे कळू न देण्याचीही. बेरीज बरोबर यायची आणि किल्ली जायची. एमसीपीच्या तपशिलात म्हणूनच म्हटले आहे की टूल आपल्याविषयी जे संकेत देते, म्हणजे ते फक्त वाचते की काही नष्ट करते वगैरे, ते विश्वासू ठिकाणाहून आले नसतील तर विश्वासार्ह मानू नयेत. ही नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, भूमिका झाली. त्यांच्या मते शब्दाचे प्रामाण्य शब्दात नसून सांगणाऱ्याच्या गुणांत असते. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा उपदेश म्हणून.

आप्त कोण, हे वात्स्यायनाने न्यायभाष्यात तीन खुणांनी सांगितले आहे: त्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणलेली असते, त्याला प्राणिमात्रांविषयी दया असते आणि जशी आहे तशीच ती सांगण्याची त्याला इच्छा असते. वर्णन लिहिणाऱ्याला या तीन कसोट्या लावल्या की त्याचे कर्तव्य फार नेमके होते. जशी आहे तशी सांगण्याची इच्छा असेल तर टूलची उणीव झाकायची नाही. दया असेल तर ज्याच्या खात्याला, आरक्षणाला किंवा औषधाच्या नोंदीला हात लागणार आहे तो माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा, आणि परत फिरवता न येणारे जे काही आहे ते वर्णनाच्या पहिल्या ओळींत आणायचे. सर्वांत अवघड कसोटी पहिलीच आहे. आजकाल कितीतरी वर्णने कोडमधल्या टिपणांवरून आपोआप तयार होतात किंवा दुसऱ्या मॉडेलकडून लिहून घेतली जातात. त्यात गैर काही नाही. भाषा अनेकदा माणसाने लिहिलेल्यापेक्षा नेटकी असते. पण टिपणात जे नव्हते ते त्या वर्णनात येत नाही, आणि सगळी जोखीम टिपणात नसलेल्या गोष्टींत असते. शिवाय मीमांसकाला जे कधीच शक्य नव्हते ते आपल्याला शक्य आहे: वाचकाने वाक्याचा अर्थ कसा लावला हे पाहून वाक्यच बदलणे. अँथ्रॉपिकने आपल्या मॉडेलला वेबवर शोध घेण्याचे टूल दिले तेव्हा ते मॉडेल शोधाच्या शब्दांना कारण नसताना '२०२५' जोडत असल्याचे आढळले. टूलचे वर्णन सुधारून ती सवय मोडली. असे आढळण्यासाठी कुणीतरी बसून एजंटने दिलेल्या हाका एकेक करून वाचाव्या लागतात. मग वर्णन कोणी का लिहिलेले असेना, ते प्रकाशित होण्यापूर्वी टूलला चुकीची रक्कम देऊन, नसलेला क्रमांक देऊन, एकच हाक दोनदा देऊन काय होते ते ज्याने स्वतः पाहिले आहे, असा एक माणूस त्या वाक्यांची हमी घ्यायला असला पाहिजे, आणि टूल बदलले की हीच परीक्षा पुन्हा घेऊन वर्णन त्याच दिवशी बदलण्याचे काम त्याच्याकडे सोपवलेले असले पाहिजे.